बरं होण्याचं श्रेय

गुडघ्याच्या ऑपरेशनला आता अकरा महिने झाले. मी पळतो, जिने उतरतो, मांडी घालून जेवायला बसतो. भेटणारा जवळपास प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो, "मानलं बुवा तुझ्या जिद्दीला." सुरुवातीला हे ऐकून बरं वाटायचं. हळूहळू तो शब्द खुपायला लागला. व्यायाम मी केले, हे खरं. रोज केले, दुखत असताना केले. तरीही 'जिद्द' या शब्दात माझ्या बरं होण्याची सगळी गोष्ट मावत नाही. उलट त्यातला मोठा भाग त्या शब्दाआड लपतो.

म्हणून हा प्रश्न. एखादा माणूस दुखापतीतून उठतो, त्याचं श्रेय कोणाचं? आणि जो उठत नाही, त्याचा दोष कोणाचा?

आधी गुडघ्याबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

गुडघ्याच्या आत दोन लिगामेंट फुलीसारखी एकमेकांना छेदून जातात. त्यातलं पुढचं म्हणजे अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट, एसीएल. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि वळताना गुडघा निसटू नये, हे त्याचं काम. ते तुटायला धक्का लागावाच लागतो असं नाही. पळता पळता पाय रोवला आणि अंग वळवलं, एवढं पुरतं. माझं पुण्यात टर्फवर फुटबॉल खेळताना तसंच तुटलं. आसपास कोणीही नव्हतं. मी वर्ध्याला घरी आलो, एमआरआय झाला आणि गेल्या जुलैत ऑपरेशन.

तुटलेलं एसीएल नुसतं शिवून सहसा भागत नाही. म्हणून बऱ्याचदा मांडीच्या मागच्या बाजूचा एक टेंडन काढतात, हाडांना भोकं पाडतात आणि त्यातून तो ओवून जुन्या लिगामेंटच्या जागी बसवतात. याला ग्राफ्ट म्हणतात. गंमत पुढे आहे. बसवला त्या दिवशी ग्राफ्ट मजबूत असतो, पण त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. त्यातल्या जुन्या पेशी मरतात. मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, तंतू नव्याने रचले जातात. या बदलाच्या काळात, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान, ग्राफ्ट सर्वांत कमकुवत असतो. आणि नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखणं कमी झालेलं असतं, कुबड्या सुटलेल्या असतात. माणसाला वाटतं, झालो बरा. आतमध्ये काम जेमतेम सुरू झालेलं असतं आणि ते पूर्ण व्हायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं.

नॉर्वेतल्या ऑस्लो आणि अमेरिकेतल्या डेलावेअर इथल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एसीएल ऑपरेशननंतर खेळाडू मैदानावर परत जायला जितका उशीर करतील, तितकी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता कमी होते, असं त्यात दिसलं. नऊ महिन्यांपर्यंत, पुढे ढकललेल्या प्रत्येक महिन्यामागे हे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटत होतं. त्याआधी २०१० साली स्वीडनमधला एक अभ्यास आला होता, १२१ तरुणांचा. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन केलं. उरलेल्यांना आधी नीट व्यायाम दिले आणि गरज पडली तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी पाहिलं, तर या दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्या लोकांना ऑपरेशन लागलंच नव्हतं आणि त्यांचे गुडघे पहिल्या गटाइतकेच चालत होते.

हे दोन्ही एकत्र ठेवले तर एक गोष्ट दिसते. या दुखण्यात ऑपरेशन काही जणांना टाळता येतं. महिने कोणालाच टाळता येत नाहीत. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असं आपण म्हणतोच. मुंगीच्या त्या चालीला लागणारा वेळ हेच इथलं मुख्य औषध आहे. आणि हे औषध मेडिकलमध्ये मिळत नाही.

मग ते मिळतं कुठे?

मला ते माझ्या कंपनीकडून मिळालं. तीन आठवडे पगारी रजा, मग घरून काम. लॅपटॉप मांडीवर, पाय उशीवर. कोड लिहायला गुडघा लागत नाही. विम्याने बिल भरलं. वडिलांचं घर तळमजल्यावर, त्यात कमोड. आईने डबे, औषधं, बर्फाच्या पिशव्या सांभाळल्या. या सगळ्यावर माझी जिद्द उभी होती, तिसऱ्या मजल्यावर उभं राहून हात हलवणाऱ्या माणसासारखी. खालचे दोन मजले नसते तर ती दिसलीही नसती.

त्याच जुलैत अविनाश साबळे मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये अडथळ्याजवळ पडला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा धावपटू, ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रमवीर, आशियाई सुवर्णपदक विजेता. त्याचंही एसीएल गेलं, मुंबईत ऑपरेशन झालं आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. त्याआधी ऋषभ पंतचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. ३० डिसेंबर २०२२ ला अपघात, जानेवारीत मुंबईत गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन आणि मार्च २०२४ मध्ये आयपीएलचं मैदान. मधले सुमारे पंधरा महिने. या दोघांची मेहनत आपल्या कल्पनेच्या पलीकडची आहे, त्याबद्दल वाद नाही. पण साबळेच्या मागे लष्कराची नोकरी होती आणि पंतच्या मागे क्रिकेट बोर्डाची वैद्यकीय यंत्रणा. त्यांच्यावर बनणाऱ्या रील्समध्ये घाम दिसतो, पाठीमागे वाजणारं संगीत असतं. पगाराची स्लिप कधीच दिसत नाही.

*

ऑक्टोबरमध्ये, तिसऱ्या महिन्यात, फिजिओथेरपीच्या बाकावर माझ्या शेजारी एक माणूस बसायचा. देवळी तालुक्यातला सालदार. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सालदार म्हणजे गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत एका शेतकऱ्याकडे ठरलेल्या रकमेवर बांधलेला गडी. चिखलात बांधावरून घसरून त्याचा गुडघा गेला होता. दुखापत माझीच, ऑपरेशन माझ्या आठ दिवस आधीचं. सरकारी योजनेतून झालं, त्याला पैसे पडले नाहीत. दीड महिन्याने तो कामावर गेला. म्हणजे ग्राफ्ट सर्वांत कच्चा असतो, नेमका त्याच काळात. आता चालताना त्याचा गुडघा मध्येच सुटल्यासारखा व्हायचा.

"पाय बरा झाला म्हून नाही गेलो भाऊ," तो म्हणाला, "घरचे पैसे सरले म्हून गेलो. मालकानं दीड महिना सांभाळलं. अजून किती सांभाळन?"

घरी राहिलेले दिवस सालातून कटतात. मालक वाईट नव्हता. त्याचीही सहा एकर कोरडवाहू, सोयाबीन कापणीला आलेलं.

त्या माणसाच्या केसपेपरवर मी एक शेरा वाचला, कारण कागद बराच वेळ आमच्या दोघांच्या मध्ये पडलेला होता. लिहिलं होतं, पेशंट सूचना पाळत नाही. इंग्रजीत त्याला नॉन-कॉम्प्लायंट म्हणतात. माझ्या फाइलवर तसं काही नव्हतं. मी सूचना पाळत होतो.

माझ्या धंद्यात असाच एक शेरा आहे. ग्राहकाची तक्रार येते, अॅप चालत नाही. आम्ही तपासतो आणि तिकीट बंद करतो: 'युजर एरर'. वापरणाऱ्याची चूक. पुष्कळदा ते खरंही असतं. पण एकाच ठिकाणी शेकडो लोक तीच 'चूक' करायला लागले, तर अनुभवी माणूस म्हणतो, थांबा, आपण हे कोणाला गृहीत धरून बनवलंय? गुडघ्याचा व्यायामाचा तक्ता एकदा त्या नजरेने पाहा. पहिले काही आठवडे उकिडवं बसू नका. मांडी घालू नका. ओल्या, उंचसखल जमिनीवर चालू नका. खुर्ची वापरा, कमोड वापरा. दिवसातून तीन-चार वेळा व्यायाम, मग बर्फ. प्रत्येक सूचना वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. पण हा तक्ता गृहीत धरतो की रुग्णाकडे खुर्ची आहे, फ्रीज आहे आणि दिवस त्याच्या मालकीचा आहे. निंदण उकिडवं बसूनच होतं. कापूस वेचायला दिवसभर काळ्या मातीतल्या ओळींमधून वाकून चालावं लागतं. ज्याला हे करायचंय, त्याच्यासाठी हा तक्ता म्हणजे 'तू आधी वेगळा माणूस हो, मग बरा हो' असं सांगणारा कागद आहे.

ऑपरेशनचं बिल भरणं ही आता निदान सरकारने आपली जबाबदारी मानली आहे, आणि ती छोटी गोष्ट नाही. पण बुडालेल्या रोजीचं बिल कोण भरतं? संघटित क्षेत्रात याचं उत्तर जुनं आहे. १९४८ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत, ठरावीक पगाराच्या आतल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. म्हणजे आजारी माणसाला औषधाइतकाच वेळ लागतो आणि त्या वेळेला पैसे लागतात, हे आपल्याला स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी कळलेलं होतं. ते शेताच्या बांधापर्यंत पोचलं नाही.

काही ठिकाणी तर उलटंच आहे. ऊसतोडीत काम चुकलेल्या दिवसाला 'खाडा' म्हणतात. खाडा झाला की नुसती मजुरी जात नाही, वर दंडही लागतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची प्रकरणं २०१९ मध्ये गाजली, तेव्हा पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही हे कारण पुन्हा पुन्हा समोर आलं. विश्रांती घेता येत नाही म्हणून शरीराचा भागच काढून टाकायचा. या बायकांना जिद्द कमी होती असं म्हणायची हिंमत कोणी करेल का?

*

तत्त्वज्ञानात याच्या जवळ जाणारी एक चर्चा आहे. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी 'मॉरल लक' म्हणजे नैतिक नशीब या कल्पनेवर निबंध वाचले. मुद्दा साधा आहे. जे आपल्या हातात नाही त्यासाठी कोणाचं कौतुक करू नये, कोणाला दोष देऊ नये, असं आपण तोंडाने म्हणतो. प्रत्यक्षात कौतुक आणि दोष दोन्ही वाटताना परिस्थितीचा हिशेब आपण सोडूनच देतो. सारख्याच निष्काळजीपणे गाडी चालवणारे दोघे. एकासमोर मूल आडवं येतं, दुसऱ्यासमोर येत नाही. एकाला आपण आयुष्यभर गुन्हेगार मानतो, दुसरा घरी जाऊन जेवतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला टाळायचा नाही. माझा एक मित्र म्हणतो, "मग मेहनतीला काहीच किंमत नाही का? तुझ्याइतकाच पगार, तुझ्याइतकीच रजा असलेले कित्येक जण व्यायाम करत नाहीत. वर्षाने लंगडतात. त्यांच्यात आणि तुझ्यात फरक नाही?"

फरक आहे. ज्याच्याकडे वेळ आहे आणि तरी तो वापरत नाही, त्याच्याशी तुलना केली तर माझ्या व्यायामाचं श्रेय माझंच. सकाळी सहाला उठून, घाम फुटेपर्यंत गुडघा सरळ करण्याचे ते शेवटचे पाच अंश माझ्यासाठी दुसऱ्या कोणी केले नाहीत. पण ही तुलना सारखा वेळ मिळालेल्यांतच करता येते. सालदाराशी ती करता येत नाही. तो आणि मी एका शर्यतीत नव्हतोच. मिळालेला वेळ मी चांगला वापरला, एवढं म्हणायला हरकत नाही. वेळ मिळालाच कसा, याचं उत्तर 'जिद्द' असं देणं मात्र खोटं आहे. आणि हे खोटं निरुपद्रवी नाही. माझ्या कौतुकातून निघालेला शेरा सालदाराच्या केसपेपरवर जाऊन बसतो.

वर्ध्यात राहून शरीर आणि श्रम यांचा विचार करायचा तर सेवाग्राम टाळता येत नाही. आश्रमाच्या अकरा व्रतांत एक व्रत शरीरश्रमाचं आहे. प्रत्येकाने अंगमेहनत करावी, दुसऱ्याच्या कष्टावर जगू नये. लहानपणी शाळेच्या सहलीत ती व्रतं वाचताना प्रश्न पडला नव्हता. कुबड्या आल्यावर पडला. ज्याचं शरीर श्रम करू शकत नाही, त्याला या विचारात जागा कुठे?

उत्तर गांधींच्या लिखाणापेक्षा त्यांच्या आयुष्यात जास्त सापडतं. १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये त्यांनी डॉक्टर आणि इस्पितळांवर कडक टीका केली होती: माणूस चुकतो, डॉक्टर गोळी देतो, माणूस पुन्हा चुकायला मोकळा. म्हणजे आजारपण बरंचसं आपल्याच वागण्याचं फळ. आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री, येरवड्याचे कैदी असताना, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक नावाच्या इंग्रज सर्जनने त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं. मध्येच दिवे गेले आणि ऑपरेशन कंदिलाच्या उजेडात पूर्ण करावं लागलं. फेब्रुवारीत सुटका झाल्यावर ते विश्रांतीसाठी जुहूला समुद्रकाठी राहिले. मला यात विसंगती पकडायची नाही. आजारपणाला स्वतःला जबाबदार धरणाऱ्या माणसालाही शेवटी दुसऱ्याचे हात आणि मोकळे दिवस लागले, एवढंच दिसतं.

आणि सेवाग्रामलाच परचुरे कुटी आहे. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगी. लोक सावलीला उभे करत नव्हते त्या काळात गांधींनी त्यांना आपल्या कुटीजवळ ठेवलं आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश केलं. परचुरेशास्त्री आधी बरे होऊन दाखवतील, मग त्यांना जागा देऊ, असा हिशेब तिथे नव्हता. शरीरश्रमाच्या व्रतात जागा त्यांनाही होती. त्यांच्या वाटचे श्रम दुसऱ्याने करायचे होते.

*

हे सगळं मी सुचवतोय ते सोपं आहे, असं मला वाटत नाही. घरचंच सांगतो.

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी माझ्या ऑपरेशननंतर दोन महिने जास्तीचं काम करत होत्या. मी पाणी घ्यायला उठलो की त्या म्हणत, "बसा ना बाबू, मी आणून देतो." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, 'देतो', 'जातो'. हिवाळ्यात त्यांचाच गुडघा सुजला. डॉक्टरांनी झीज सांगितली आणि दोन महिने उकिडवं बसायचं नाही, जिने चढायचे नाहीत, असं बजावलं. मी घरात म्हटलं, त्यांना दोन महिने पगारी रजा देऊ. बाबा म्हणाले, "एक महिना ठीक आहे. दोन महिने कोण देतं? उद्या सगळ्यांनीच मागितलं तर?" दोन संध्याकाळी वाद झाला. शेवटी आई म्हणाली, "तुझ्या वेळी दोन महिने ती उठबस करत होती. तेव्हा आपण दिवस मोजले नाहीत." रजा ठरली.

मावशी सोळाव्या दिवशी कामावर हजर. मी विचारलं, का? त्या हसल्या. त्यांची आणखी तीन घरं आहेत. तिथे रजा नव्हती, आणि पंधरा दिवसांत एका घराने दुसरी बाई पाहायला सुरुवात केली होती. बाकी घरं सांभाळायला बाहेर पडायचंच आहे, तर आमचं एक सोडून काय उपयोग?

तेव्हापासून मला वाटतं, एकेका घराचा चांगुलपणा इथे पुरत नाही. तो हवाच, पण त्याच्या जोरावर गुडघा बरा होत नाही. चारपैकी एकाच घराने दिलेली विश्रांती ही विश्रांती होत नाही.

आपल्याकडे याचं एक जुनं उदाहरण आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. हळद, तूप लावून, पळसाच्या पानांनी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. कोणता बैल वर्षभर किती राबला, कोणता मारका, कोणता आळशी, हे कोणी विचारत नाही. आणि ही विश्रांती टिकते, कारण त्या दिवशी गावातल्या कोणाच्याच शेतात औत चालत नाही. बैल सोडला म्हणून एकट्या शेतकऱ्याचं काम मागे पडत नाही. अख्खं गाव एकदम थांबतं, म्हणून कोणालाच थांबणं महाग पडत नाही.

एक दिवस फार थोडा आहे, आणि बैलालाही तो उद्याच्या कामासाठीच दिलेला असतो, हे मान्य. पण त्यामागची समज पक्की आहे: विश्रांती कमवावी लागू नये आणि ती सगळ्यांना सारखीच मिळावी. सालदाराचे, मावशींचे, ऊसतोडीच्या बाईचे बरे होण्याचे महिने अशाच सामायिक व्यवस्थेतून येऊ शकतात. योजनेच्या कार्डावर ऑपरेशनच्या खर्चाखाली बुडालेल्या रोजीची एक ओळ असावी, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

आणि तोवर आपल्या हातात आहे ते म्हणजे भाषा. कोणी बरा झाला तर व्यायामाचं कौतुक जरूर करा. सोबत विचारा, रजा किती मिळाली? घरी कोण होतं? आणि कोणी बरा झाला नाही, तर 'ऐकत नाही' म्हणण्याआधी हेच दोन प्रश्न विचारा.